तात्यांनी काढलेली मावशी

आमच्या घरी नट दुपारी यायचे. अंगरख्याची शिवण उसवलीय, कोटाचं बटण तुटलंय, पगडीचं अस्तर निघालंय, हे दौऱ्याची गाडी नगरात येऊन सामान उतरल्याशिवाय कंपनीतल्या कुणाच्याच लक्षात यायचं नाही. मग कपडेपट सांभाळणारा माणूस बोचकं घेऊन माळीवाड्याच्या मागच्या आमच्या बोळात शिरायचा आणि त्याच्या पाठोपाठ, माप द्यायला म्हणून, स्वतः नट. वडील शिंपी होते. पुढची खोली दुकान, मागची घर, आणि मधे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. त्या पडद्याला नाक लावून मी कितीतरी सरदार आणि खलनायक साध्या लेंग्यात, दाढी वाढलेले, जांभया देत बसलेले पाहिलेत. मशीनची खडखड थांबली की इस्त्रीतल्या निखाऱ्यांचा चटचट आवाज यायचा. वडील तोंडात पाणी घेऊन कापडावर फवारायचे, त्याचा एक ओला, करपट वास घरभर भरून राहायचा. आई हुलग्याचे शेंगोळे करायची त्या दिवशी तर नट मुद्दाम रेंगाळायचे. एकदा एका मोठ्या नटीने आमच्या चुलीपाशी बसून दोन वाट्या शेंगोळे खाल्ले आणि आईला म्हणाली, "बाई, हे नाटकात असतं तर मी रोज दोन प्रयोग केले असते."

याच काळात मला गोळा करायचा नाद लागला. निळ्या पुठ्ठ्याची सह्यांची वही होती. शिवाय पत्र्याच्या पेटीत अर्धी तुटलेली मिशी, तिच्या चिठ्ठीवर ती लावणाऱ्याची सही. एका नटीचा मोडका पंखा, त्याच्या काडीवर तिचं नाव. जाहिरातीचे कागद, त्यांवर तिरप्या सह्या. शाळेत माझा मान या पेटीमुळे होता. आज माझ्याकडे दोन खोल्या भरून कपाटं आहेत, पुण्याहून माणसं बघायला येतात, वर्तमानपत्रात फोटो छापून आलाय. पण त्या पेटीचं झाकण उघडताना मैत्रिणींच्या माना जशा एकदम खाली वाकायच्या, तसं पुन्हा काही वाट्याला आलं नाही.

मी आठवीत गेले त्या वर्षी दसरा झाल्यावर चंदा आमच्याकडे राहायला आली. पाथर्डीकडच्या माझ्या सख्ख्या मावशीची ही मुलगी. मावशी आणि काका दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जात. आधी चंदाही त्यांच्या मागे कारखान्यावर फिरायची, त्यामुळे तिची शाळा सारखी बुडायची. माझ्याहून वर्षाने मोठी असून ती माझ्याच वर्गात बसली. आईनेच बहिणीला निरोप धाडला होता, पोरगी हुशार आहे, तिला माझ्याकडे ठेव. जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी आणि डोक्याला चप्प तेल. "मावशे, लई लांब हाय गं तुझं घर," असं म्हणत ती आत आली ती थेट चुलीपाशी, आणि आईचा चेहरा असा फुलला की मला लगेच कळलं, आता हे घर माझ्या एकटीचं राहिलेलं नाही.

तिला मी पहिल्याच आठवड्यात पेटी दाखवली. तिने मिशी उचलून बघितली, पंखा उघडमीट केला. वही मात्र दोन-तीन पानं उलटून खाली ठेवली.

"ह्यात काय हाय? नुस्ती नावं तर हायेत," ती म्हणाली.

"सह्या आहेत त्या."

"नाव तर बाहीर बोर्डावर बी लिवलेलं अस्तंय की."

मी तिला अडाणी म्हटलं. ती हसली. पुढच्या महिन्यात एक विनोदी नट माप द्यायला आला, तेव्हा चंदा शाळेची चित्रकलेची वही घेऊन पडद्यातून सरळ बाहेर गेली आणि म्हणाली, "मला सही नगं. तुमी काईतरी काढून द्या, तुमच्या हातानं." मला वाटलं वडील तिला रागावतील. नट मोठ्याने हसला, म्हणाला, "मला शेळी सोडून काहीच काढता येत नाही गं." "मग शेळी काढा." त्याने खरंच शेळी काढली. पाय पाच झाले. चंदाने मोजून दाखवले, तेव्हा त्याने पाचव्याला शेपूट म्हणून टाकलं आणि खाली सही केली. मग तोच नट, ज्याने माझ्या वहीत उभ्या उभ्या रेघ ओढली होती, तिच्याशेजारी जमिनीवर बसून लहानपणी आपण शेळ्या राखायचो ते सांगू लागला.

तसंच होत गेलं. शेंगोळे खाणाऱ्या नटीने तिच्या माहेरच्या घराची खिडकी काढून दिली, खिडकीत बसलेल्या मांजरासकट. रंगमंचावर ज्याला बघून बाया शिव्या घालायच्या त्या खलनायकाने झेंडूचं फूल काढलं, पाकळ्या मोजत मोजत, जीभ बाहेर काढून. चित्रं वेडीवाकडी होती. पण ती काढताना माणसं बोलायची, आणि जाताना विचारायची, "पोरी, नाव काय म्हणालीस तुझं?" आणि पुढच्या वेळी आल्यावर दारातूनच, "चंदा कुठाय?" माझं नाव त्यांनी माझ्या वहीत कितीदा लिहिलं होतं. कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मत्सर म्हणजे जळणं असं म्हणतात. माझं जळत नव्हतं. मला सारखं काहीतरी मोजावंसं वाटायचं. आईने तिच्या ताटात किती भाकरी वाढल्या, वडिलांनी तिला किती वेळा हाक मारली, तिच्या वहीची किती पानं भरली. तिला आवडतात म्हणून मी शेंगोळे खायचं सोडलं, आणि आईच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

मग तात्या आले. त्यांचं खरं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं आहेत. त्या काळी त्यांच्या नावावर नाट्यगृह भरायचं. कंपनीत त्यांना तात्या म्हणत, म्हणून आम्हीही. उंच, थोडे वाकलेले, बोलायला अगदी हळू. त्यांच्या जरीच्या कोटाच्या बाह्या दरवेळी काखेत उसवायच्या आणि त्या वडिलांनीच शिवाव्यात असा त्यांचा हट्ट असे. चंदाने वही पुढे केली तेव्हा ते काही वेळ तिच्याकडे बघतच राहिले.

"मला कुणी चित्र मागितलं नव्हतं आजवर," ते म्हणाले. "मला चित्रकारच व्हायचं होतं, ठाऊक आहे? घरच्यांनी होऊ दिलं नाही."

त्यांनी वडिलांची इस्त्री काढली. झाकणाच्या फटीतून निघणारा धूर, मुठीला गुंडाळलेलं फडकं, सगळं. ते चित्र खरोखरीच चित्र होतं. चंदा म्हणाली, "ही तर धरली तर चटका बसंल." तात्या लाजले. एवढा मोठा नट माझ्यासमोर लाजला. पुन्हा कागदाकडे बघून म्हणाले, "हात मात्र मला जमत नाहीत. माणसाचे हात काढायला गेलो की सगळं बिघडतं."

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या परत निघाल्या, आणि मावशी चंदाला न्यायला आली. योगायोगाने तात्यांचा प्रयोग त्याच दिवशी होता आणि ते कोट घालून बघायला आलेले. मावशी नुकतीच टेम्पोतून उतरली होती. ती तांब्याभर पाणी प्यायली आणि दाराच्या चौकटीला टेकून, पाय लांब करून बसली. सहा महिने ऊस तोडलेलं माणूस जसं बसेल तशी. तात्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "बाई, जरा अशाच बसता?" मावशी घाबरली, पदर सावरायला लागली. "अगं बया, माझं कशापायी?" पण बसली. त्यांनी पुष्कळ वेळ लावून कच्चं रेखाटन केलं, मग कागद घडी न घालता आपल्या वहीत सरळ ठेवला आणि चंदाला म्हणाले, "हे मी घरी नेऊन रंगात करणार. पुढच्या खेपेला तुझ्या हातात देईन." चंदाने वहीचं शेवटचं पान कोरं ठेवलं. चित्र त्या पानावर चिकटवायचं, म्हणाली.

पुढच्या साली ती परत आली ती या कोऱ्या पानासकटच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज शाळेतून येताना ती नाट्यगृहाबाहेरचा फळा वाचायची. शेवटी एकदा तात्यांच्या नाटकाचं नाव लागलं. त्या दिवशी दुपारी चंदा दळण आणायला गेली होती. कोट दुरुस्त होऊन पडला होता. वडील म्हणाले, "सुमन, जा, एवढा देऊन ये."

रंगपटात तात्या एकटेच होते. तोंडाला रंग लागलेला नव्हता. कोट बघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "चंदा नाही आली? तिचं काम झालंय." आणि भिंतीशी उभी केलेली पुठ्ठ्याची गुंडाळी त्यांनी हातात घेतली. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. परीक्षेत पहिला आलेला मुलगा घरी येतो तसा होता. तिथवर माझ्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी 'सुमन नाही आली' असं कधी कुणाला विचारलं नसतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात आलं.

"तात्या, तिला नका देऊ," मी म्हणाले. "ती वर्गात दाखवते तुमची चित्रं. मुली हसतात. ती म्हणते, यांना साधे हातसुद्धा काढता येत नाहीत."

कुठून सुचलं, विचारू नका. इतकी वर्षं मीही विचारतेय.  गुंडाळी त्यांच्या हातात तशीच होती. मग ते आरशासमोरच्या खुर्चीवर बसले, आणि आरशातूनच मला म्हणाले, "खरंय ते. येत नाहीत." थोड्या वेळाने गुंडाळी माझ्यापुढे धरली. "तुझी मावशीच ना ती? तू ठेव."

मी ती ओढणीखाली लपवून घरी आणली आणि पेटीच्या तळाशी घातली. तासाभराने चंदा दळणाचा डबा ठेवून, केस विंचरून, वही घेऊन नाट्यगृहावर गेली. परत आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कोऱ्या पानावर फक्त सही होती, इतरांना देतात तशी, आणि खाली 'शुभेच्छा'. आईने विचारलं, "काय गं, दिलं का चित्र?" चंदा म्हणाली, "गडबडीत हुते." आणि भाजी निवडायला बसली.

माझ्या आयुष्यात माझ्याकडे आलेली ती सगळ्यात मोठी वस्तू. आणि ती मी कुणाला दाखवू शकत नव्हते. घरात कुणी नसलं की पेटी उघडायची, चित्र अर्धंच उलगडायचं, पाऊल वाजलं की गुंडाळायचं. मावशी चौकटीला टेकलेली, शेजारी तांब्या, तळपायांच्या भेगा, कपाळावर घाम आणि कुंकू एकमेकांत मिसळलेलं. हातांपाशी कागद इतका खोडलेला होता की तिथे त्याला लव आली होती. एका बाईच्या दोन हातांसाठी या माणसाने वर्षभर किती वेळा खोडलं असेल! माझी समजूत होती की चित्र मिळाल्यावर मत्सर जाईल. तो वाढला. कारण मला आता दिसत होतं, तिला काय मिळणार होतं.

पट्टा पडला. मावशी आली. चहा पिता पिता तिने स्वतःच विषय काढला. "त्या नाटकवाल्या बाबानं माझं चित्र काढलं हुतं, त्याचं काय झालं गं? टोळीतल्या, कोपीवरच्या समद्या बायांला सांगिटलंय म्या. त्या म्हंत्यात, आता तुझा फोटू लागंल नगरात."

"इसरले ते, आये," चंदा म्हणाली.

"व्हय, इसरायचेच. आपल्याला कोन ध्यानात ठिवतंय."

तिने ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. ऊन फार आहे म्हणावं, तसं म्हणाली आणि बशीत चहा ओतला. मला बसवेना. मी आत गेले, पेटी उपसली, गुंडाळी आणून तिच्या पुढ्यात टाकली आणि तिथेच उभी राहून सगळं सांगितलं. मुली हसतात हे, हातांचं, ओढणीखाली लपवलेलं. मधे थांबले असते तर उरलेलं कधीच बोलले नसते. वडिलांचं मशीन बंद झालं होतं. आई तोंडावर पदर धरून होती.

मावशीने गुंडाळी सोडली. बराच वेळ ती स्वतःकडे बघत राहिली. मग हसली. "बाई बाई! ही मी व्हय? किती दमलीया!" आणि बोटाने पाय दाखवून, "भेगा सुदिक सोडल्या न्हाईत मेल्यानं." मग आपला हात तिने चित्रातल्या हाताशेजारी ठेवला. कोयत्याने वाकडी झालेली करंगळी तिथेही वाकडी होती. "हात मातर माझंच हायेत," ती म्हणाली. "कुनीबी वळकंल."

चंदा चित्राकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मी गेले तवा त्यांनी वर बी बघितलं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या अंगाचा वास येतोय. दोन म्हैने मी रोज दोनदा अंघुळ करती, सुमे."



वडिलांनी मला मारलं नाही. संध्याकाळी कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तात्यांना पत्र लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही." चार कागद फाडले. पाचव्यावर खरं तेवढं लिहिलं, आणि मावशी हातांबद्दल काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिलं. चंदा दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीबरोबर गेली. चित्र मावशीने लुगड्याच्या घडीत घालून नेलं. आईने बरोबर द्यायला दशम्या केल्या होत्या, त्या बांधताना तिने मला मदतीला बोलावलं नाही.

तीन आठवड्यांनी तात्यांचं पाकीट आलं, आमच्याच पत्त्यावर, पण नाव चंदाचं. आत जाड कागद आहे हे बोटांना कळत होतं. मी ते उघडलं नाही. यात मोठेपणा नाही. वडील समोर बसले होते. पाथर्डीचा पत्ता लिहून टपालात टाकलं. मला उत्तर नव्हतं. पुढच्या दसऱ्याला मावशीचा निरोप आला की चंदाची तिकडेच वसतिगृहात सोय झाली आहे. आई त्या दिवशी जेवली नाही.

तात्या पुढेही दरवर्षी आले. बाह्या उसवतच होत्या. एकदा धीर करून मी निळी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी प्रेमाने घेतली, पेन उघडलं आणि विचारलं, "नाव काय, बाळ?" ते खरंच विसरले होते, की नव्हते, हे मला कधीच समजलं नाही. मी सांगितलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. ती सही माझ्याकडे आहे. बघायला येणाऱ्यांना ती फार आवडते.

चंदा मॅट्रिक झाली, अंगणवाडी चालवली, सेवानिवृत्त झाली. मुलगा सुप्याला कंपनीत आहे. लग्नकार्यात आम्ही भेटायचो, चांगलं बोलायचो, पण तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. गेल्या दिवाळीनंतर गेले. मावशी भिंतीवर आहे, काचेत, दमलेली. चंदाने पिठलं-भाकरी केली, दोघी पोटभर जेवलो. मग ती आतून बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आली.

"तुला दाखवायचंच हुतं," ती म्हणाली. "तात्यांची पत्रं हायेत."

मला वाटलं, एखाददुसरं असेल. ते वारले त्या सालापर्यंत त्यांनी तिला लिहिलं होतं, आणि प्रत्येक पत्रात एक चित्र. सगळे हात. विडा बांधणारे, पत्ते पिसणारे, गजरा माळणारे, पडदा ओढणारे. रंग पुसणारे त्यांचे स्वतःचे. खाली सही, आणि तिच्यासाठी एक ओळ: 'हे जमलंय का, कळव.' आणि ती कळवायची. अंगठा आखूड झालाय, असं कळवायची.

डबा मांडीवर घेऊन मी बसले होते. अशी वस्तू माझ्या दोन खोल्यांत एकही नाही. पासष्टी उलटल्यावर माणसाचं मन निवळतं म्हणतात. माझ्या छातीत तेच, आठवीतलं, जसंच्या तसं वर आलं. चंदाने ते ओळखलं असणार. ती म्हणाली, "घे की एखांदं. तुला नाद हाय."

"नको," मी म्हणाले. "नको गं."

तिने आग्रह केला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि मला स्टँडवर सोडायला आली, एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. मला बरं वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी आपण नाही म्हणालो. मग गाडी करंजीच्या घाटाला लागली, आणि माझ्या लक्षात आलं, की मघापासून मी एकच विचार करतेय: घेतलं असतं, तर त्यांतलं कोणतं घेतलं असतं.